रणगाड्याची शिवण

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली रणगाडा सापडला, त्या दिवशी आमच्या ह्यांनी घर बदलायचा विषय काढला. बर्फ काढायला गेले होते, हातात तोफेची नळी आली. "अगं, हे काय आहे?" एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातली भाकरी परातीतच मोडली. मी तिथूनच सांगितलं, "बाईंचं आहे ते. हलवू नका, अजून नीट गोठायचंय." तर म्हणे, "आपण इथं भाड्यानं राहतो, का ही वस्तू आपल्याकडं भाड्यानं राहते?"

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं घर, खाली त्या एकट्या आणि वर आम्ही. मी मुलींच्या ज्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, त्याच शाळेत त्यांनी सगळी नोकरी शिवण शिकवण्यात काढली. मी रुजू झाले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती, पण दरारा असा की मुख्याध्यापकसुद्धा शर्टाचं बटण तुटलेलं असेल तर त्यांच्या समोरून जायचे नाहीत. उंच, काटकुळ्या, सुती साडीला खळ घातलेली. मी आता मलकापुरात राहते, पण अजून माझ्या ब्लाऊजची शिवण जरा तिरकी गेली की मला बाई मागे उभ्या आहेत असं वाटतं.

त्यांचा एक शब्द सगळ्या सांगलीला माहीत होता. "उसव." मुलगी झबलं घेऊन आली की बाई ते हातात घेतल्याबरोबर उलटं करायच्या. सुलट्या बाजूकडं बघायच्याच नाहीत. "सुलटं सगळ्यांचंच बरं असतं गं," म्हणायच्या आणि अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवायच्या. नख अडलं की उसव. मुली रडायच्या, आया भांडायला यायच्या, त्या आयांच्या साडीचा फॉलही उलटा करून बघायच्या. एका स्नेहसंमेलनात पाहुणे म्हणून मोठे साहेब आले होते. ते मुलींच्या पोशाखांचं तोंड भरून कौतुक करताहेत आणि बाई आपल्या त्यांच्या कोटाकडं बघताहेत. भाषण संपायच्या आत ह्या व्यासपीठावर. "साहेब, अस्तर सुटलंय. काढा, आत्ता टाके घालून देते." बिचारे साहेब बक्षीस समारंभभर नुसत्या शर्टावर बसले होते.

आता अशा बाईच्या घरात रणगाडे कसे आले? तर चुकून. निवृत्तीनंतर त्यांनी मशीनच्या बॉबिन ऑनलाईन मागवल्या. पुडकं आलं, फोडलं, तर आत जुळवायचा प्लास्टिकचा रणगाडा. मी म्हटलं, परत पाठवू या. पाठवायला त्या मोबाईलवर काय काय दाबावं लागायचं, ते दोन दिवस जमेना. तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर बाईंनी चष्मा वर करून ते सुटे भाग, ज्या प्लास्टिकच्या जाळीला चिकटून येतात तिच्यासकट, टेबलावर मांडले होते, अगदी बेतलेले कपड्याचे तुकडे मांडावेत तसे, आणि सोबतचा नकाशा भिंतीला टाचणीनं लावला होता. "काय गं ही बेतणी!" मला म्हणाल्या. "कुणी केली असेल? डावी बाजू उजवीपेक्षा मोठी!" कंपनीची चूक सापडली म्हटल्यावर त्या रणगाडा परत पाठवतात कशाला! त्या दिवसापासून त्यांना ते वेडच लागलं.

वेड म्हणजे जुळवण्याचं नव्हे, पारखण्याचं. आणि तेही फक्त स्वस्तातल्या डब्यांचं. महागडा डबा कुणी भेट दिला तर त्या तो तसाच कपाटावर ठेवून द्यायच्या. "महागातलं चांगलं असणारच. त्यात ओळखायचं काय? स्वस्तातलं चांगलं हुडकायला डोळे लागतात." डब्यावरच्या चित्रावर तर त्यांचा विशेष राग. चित्रात धूर, आग, मागं पडलेली घरं, आणि मधून तो रणगाडा असा काही आलेला की बघणाऱ्यानं खिशात हात घालावा. बाई डबा हातात आला की आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या, आपण शाळेत पुस्तकाला घालायचो तसं. मगच उघडायच्या.

परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. डबा कानाशी धरून हलवायच्या. आवाज बारीक किणकिण आला तर बरं, भदभद आला तर प्लास्टिक मऊ. मग जुळवून झालेली गाडी आरशावर ठेवायची आणि चाकांखालून पोस्टकार्ड सरकवायचं. एखादं चाक अधांतरी असेल तर कार्ड आरपार जायचं, आणि बाई "लंगडी!" म्हणून माझ्याकडं अशा बघायच्या जणू मीच ती साच्यातून काढलीय. शेवटची परीक्षा मात्र भारी. त्यांच्या लग्नात न लागलेल्या (लग्नच केलं नाही ना त्यांनी) एका रेशमी साडीचा तुकडा त्यांनी कापून ठेवला होता. दोन अर्धे भाग जिथं चिकटतात त्या सांध्यावरून तो रेशमी तुकडा अलगद ओढायचा. सांधा गुळगुळीत असेल तर रेशीम घसरत जायचं. जरा जरी धागा अडकला तरी निकाल ठरलेला. "उसवा."

हे निकाल त्या मोबाईलवरच्या एका ग्रुपवर टाकायच्या. पुण्याची, नाशिकची, कुठकुठली पोरं त्यात होती. नवा डबा घ्यायचा म्हटलं की विचारायची, "सर, हा कसा आहे?" बाई लिहायच्या, "अंगात बसत नाही. काखेत चोळामोळा होतो. घेऊ नये." किंवा "कापड हलकं, पण बेतणी सरळ. घ्यावा." पोरांना वाटायचं सरांची लिहायची स्टाइल आहे. कुणाला कळलंच नाही की सर नऊवारी नेसून मिरवणुकीत लेझीम खेळलेल्या आहेत. मी म्हटलं, सांगा की त्यांना. तर म्हणाल्या, "कशाला? मग ती नमस्कार करत बसतील आणि खोटं बोलायला लागतील."

बाई जैन. मुंगी चालली असेल तर चप्पल उचलून थांबणाऱ्या. त्यांच्या घरात एवढ्या तोफा बघून येणारे-जाणारे विचारायचेच. बाई शांतपणे म्हणायच्या, "प्लास्टिकच्या गाडीनं कुणी मेलेलं ऐकलंत का? आणि ऐकलं असेल तर मला तो डबा दाखवा, त्याची नळी सरळ असेल." पर्युषणात मात्र त्या नळी बसवायच्या नाहीत. चाकं लावायची, रंग द्यायचा, नळी मात्र पर्व संपल्यावर. त्यामुळं दरवर्षी त्या दिवसांत त्यांच्या काचेच्या कपाटात दोन-तीन बिननळीचे रणगाडे उभे असायचे.

या कपाटापायीच दफेदार आमच्यात आले.

दफेदार म्हणजे समोरच्या घरातले. मूळचे कडेगावकडचे, उसाचं रान भावाच्या हवाली करून मुलाबरोबर सांगलीत आलेले. पलटणीत रणगाडा चालवायचे. गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "सुभेदार पायदळात. आमी रिसाल्यातलं, रणगाड्यावालं. दफेदार म्हना." एकदा पँटची उंची कमी करून घ्यायला बाईंकडं आले. बाई गुडघ्यावर बसून टाचण्या लावताहेत आणि दफेदारांची नजर कपाटावर. एकदम चार पावलं पुढं. टाचणी घोट्यात गेली तरी पत्ता नाही.

"आवं बाई, ही तर आमची गाडी!"

"तुमची कशी? मी मागवलीय."

"तसं न्हवं. मी चालवलीया ही. टी-पंचावन." मग ते वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा पडला. "पर चाकं चुकल्याती. पैल्या न् दुसऱ्या चाकात जागा पायजे. मोठी. ही बगा, तुमी समदी सारकी लावल्याती."

झालं! बाई उठल्या. "कंपनीनं जागा सोडली होतीच. मीच पहिल्या चाकाची खुंटी कापून सारखी करून घेतली. पाच बटणं लावायची तर अंतर सारखं नको?"

"बटनं?" दफेदारांना कळेना.

"पहिलं बटण गळ्याशी आणि दुसरं पोटावर, असा शर्ट तुम्ही घालाल का?"

"शर्ट न्हाई ओ घालत, पर अशी गाडी चालवली की मी!"

दोघंही हट्टी. मी मध्ये उभी, पँट अर्धी टाचलेली. शेवटी दफेदार घरी गेले आणि जुना फोटो घेऊन आले. फोटोत त्यांची गाडी, वर चौघं, आणि खाली पहिल्या आणि दुसऱ्या चाकात चांगली ऐसपैस जागा. बाईंनी फोटो भिंगाखाली धरला. मोजपट्टीनं चाकांमधली अंतरं मोजली. मग म्हणाल्या, "बेतणाऱ्याची चूक आहे ही." म्हणजे खुद्द खऱ्या रणगाड्याची! पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कपाटातल्या गाडीची चाकं सुटलेली होती आणि बाई जागा सोडून पुन्हा बसवत होत्या.

तेव्हापासून दफेदार रोज संध्याकाळी यायचे. बाई सूर्यास्ताआधी जेवून मोकळ्या झालेल्या असायच्या. त्या दफेदारांच्या हातात नखं घासायची पट्टी द्यायच्या आणि समोर बसवायच्या. सीमेवर गाडी पळवलेला तो माणूस शाळेतल्या मुलीसारखा मान खाली घालून एक-एक चाक घासत बसायचा. चुकलं की "उसवा", आणि ते "जी बाई" म्हणून पुन्हा. मी चहा घेऊन खाली जायचे ते मुद्दाम हे बघायला. दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. दफेदार म्हणणार, "गाडी अशी दिसाय पायजे की चिखलातनं आलीया." बाई म्हणणार, "चिखल लावा हवा तेवढा, पण आधी अंगावर नीट बसू दे."

एका संध्याकाळी दफेदार आले ते हातात पिशवी धरून, आणि बसलेच नाहीत. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाले, "सायबाच्या सुनेचा फोन आलता."

साहेब म्हणजे त्यांचे रिसालदार. फोटोत सगळ्यात वर झाकणातून अर्धे बाहेर आलेले, ते. दफेदार खाली गाडी चालवणार आणि हे वरून हुकूम देणार, अशी कित्येक वर्षं. आता कोरेगावजवळ आपल्या गावी होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आणि डोळे गेल्यापासून बोलणंच सोडलं. सून म्हणत होती, मामंजी भिंतीकडं तोंड करून पडून असतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत, दोन घास खातात आणि पुन्हा भिंत. पूर्वी दर रविवारी दफेदारांना फोन करून "गाडी कशी हाय?" असं विचारायचे. तो फोन बंद होऊन कितीतरी महिने झाले होते.

"फोनवर मी लय बोललो," दफेदार म्हणाले. "पल्याडनं नुसता श्वास. बाई, मला त्येंच्या हातात आपली गाडी द्यायची हाय. बगाय येत न्हाई त्येंना, पर हाताला कळंल की." त्यांनी पिशवीतून एक रणगाडा काढला. मुलाकडून मागवून घेतला होता, मोठ्या मापाचा, दोन्ही हातांत मावेल असा. डब्यावरचं चित्र झकास, म्हणून तोच घेतला. आणि धीर न धरवून झटपट चिकटणाऱ्या डिंकानं घरीच जोडून टाकला होता.

बाईंनी आरसा काढला. पोस्टकार्ड काढलं. मग रेशमाचा तुकडा. तो तुकडा त्या गाडीवर इतक्या ठिकाणी अडकला की शेवटी फाटलाच. दफेदार हात मागं बांधून उभे.

"अंगाला पीळ आहे. चाकं एकसारखी नाहीत. टोपीच्या दोन फाकांत नख जातंय." वरच्या फिरत्या भागाला बाई टोपी म्हणायच्या, दफेदार टरेट. "ज्याला दिसत नाही त्याच्या हातात हे द्यायचं? त्याला नुसती ही भेग लागेल. उसवा."

"आवं बाई, डिंक हाय त्यो. दोरा न्हवं."

"दुसरा चांगला मागवू या का?" मी म्हटलं. "पैशाचं काय, मी देते."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प. "त्यांनी हा आणलाय. हाच नीट होणार."

ग्रुपवरच्या कुणा पोरानं सांगितलं होतं की झटपट डिंक गोठवला की ठिसूळ होतो आणि सांधा टचकन सुटतो. बाईंच्या जुन्या फ्रीजला फ्रीजर नावापुरता. म्हणून तो रणगाडा आमच्या मटाराखाली आला, आणि आमच्या ह्यांच्या हाताला लागला. मी सगळं सांगितल्यावर मात्र ह्यांनी घर बदलायचा विषय सोडला. उलट बर्फाचा ट्रे काढून जागा करून दिली.

मग त्या घरात जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. गाडी सगळी सुटी केली. पीळ पडलेलं अंग गरम पाण्यातून काढून बाईंनी गार इस्त्रीखाली दाबून ठेवलं. उरलेल्या जाळीचे तुकडे थिनरमध्ये विरघळवून त्याची खळ केली आणि भेगा बुजवल्या. दफेदारांनी सांगितलं, आपल्याकडं नळी बदलून एकशेपाच मिलिमीटरची बसवली होती, फुगवटा टोकाला नव्हता, मधे होता. बाई म्हणाल्या, "मग बाही कापू," आणि नळी कापून फुगवटा मधे आणला. घासणं तर विचारू नका. दफेदारांची बोटं सोलली. टोपी मात्र बाईंनी कुणाच्या हाती दिली नाही. ती त्यांनी स्वतः घासली. वरून, बाजूनं, झाकणांच्या मधून, इतकी घासली की रेशमाचा नवा तुकडा तिच्यावर टाकला की थांबतच नव्हता, आपला आपण घसरून टेबलावर पडायचा. "आता म्हणा कोण काय म्हणतंय ते!" बाई खुशीत होत्या. दफेदार नुसते "जी" म्हणाले. मला वाटलं, दमले असतील.

रविवारी माझ्या गाडीतून निघालो. रणगाडा बाईंच्या मांडीवर, उशीवर. गतिरोधक दिसला की फर्लांगभर आधीपासून "हळू, हळू!" कराडच्या अलीकडं मलकापुरात चहाला थांबलो, तर बाई त्याला गाडीत एकटं ठेवायला तयार नाहीत. उशीसकट हॉटेलात. वेटर विचारतो, "ह्येला काय आणू?" बाई म्हणाल्या, "काही नको, त्यानं उन्हात तोंड वाळवलंय नुकतंच." रंगाबद्दल बोलत होत्या त्या.

पुढं उंब्रज गेल्यावर दफेदार मागच्या सीटवर हात एकमेकांत गुंतवून बसलेले. मी आरशात बघितलं तर ओठ हलत होते. साहेबांशी काय बोलायचं याची उजळणी चालली असावी.

घर रस्त्याला लागूनच होतं. सून दारात आली, पदर डोक्यावर घेत हळू आवाजात म्हणाली, "आत हायती. तुमच्यासंगं तरी बोलत्यात का बगा." खोलीत खाट, खाटेवर गोधडी, आणि भिंतीकडं तोंड करून एक मोठ्या हाडाचा म्हातारा माणूस.

"साहेब," दफेदार ताठ उभे राहून म्हणाले, "मी आलोय. गाडी आणलीया."

पाठ हलली नाही. दफेदारांनी माझ्याकडं बघितलं, मी बाईंकडं. बाई सरळ पुढं झाल्या, रणगाडा खाटेवर ठेवला, म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि त्यांचा हात गाडीवर नेऊन ठेवला. परीक्षेला बसलेल्या मुलीचा हात धरावा तशा बिनधास्त.

बराच वेळ तो हात तसाच पडून होता. मग बोटं हलली. चाकांवर आली. पहिलं चाक, आणि पुढं मोकळी जागा. त्या जागेत बोट घुसलं आणि तिथंच राहिलं. "हं," असा आवाज आला. दफेदारांनी डोळे मिटून घेतले. बोटं नळीवर गेली, मधल्या फुगवट्याशी थांबली. "एकशेपाच," रिसालदार म्हणाले. दारात सूनबाईनं तोंडाला पदर लावला. रिसालदार वळले, उठून बसले आणि दोन्ही हातांनी गाडी चाचपायला लागले.

मग हात टोपीवर गेला. उजवा हात, दोन झाकणांच्या मधे. गेला, आला, पुन्हा गेला. काहीतरी हुडकत होता आणि ते सापडत नव्हतं. हात थांबला. बाजूला झाला.

"ही आपली न्हवं," म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडं वळायला लागले.

दफेदारांचं तोंड उतरलं. मला रडूच आलं. बाईंनी मात्र रिसालदारांचा खांदाच धरला. "थांबा. असं वळायचं नाही. काय चुकलंय ते सांगा आधी."

एवढ्या वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. रिसालदार थांबले. "हितं," म्हणाले, "दोन झाकनांच्या मदी वेल्डिंगची वळी हुती. जाड. समद्या टरेटवर असत्या. मी दिसभर त्येच्यावर हात ठिवून हुबा राहायचो. उन्हात तापायची, थंडीत गार पडायची. म्हायती हाय मला ती. ह्येच्यावर काय बी न्हाई. नुसता पेढा हाय ह्यो."

बाईंचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. "ती होती," त्या म्हणाल्या. "कंपनीनं बरोबर दिली होती. मला वाटलं साच्याची शिवण राहिलीय. मी घासून काढली."

दफेदार खाली बघत पुटपुटले, "मला दिसलं हुतं बाई तवाच. पर तुमास्नी बोलाय धीर झाला न्हाई."

"रणगाडा चालवत होता ना तुम्ही?" बाई कडाडल्या.

"व्हय. पर तवा तुमी न्हवता."

आणि भिंतीकडं वळलेल्या माणसाच्या खांद्यातून एक गचका आला. हसू होतं ते, अगदी थोडंसं. बाईंनी ते ऐकलं. त्यांनी पिशवीतून डिंकाची नळी काढली आणि सूनबाईला म्हणाल्या, "गोधडीचा जाड दोरा आण गं." दोरा आला. बाईंनी रिसालदारांचं बोट धरून टोपीवर ठेवलं. "दाखवा साहेब. कुठून सुरू, कुठं शेवट." त्यांचं बोट पुढं सरकत गेलं आणि बोटामागं बाई डिंकावर दोरा बसवत गेल्या. शेवटाला आल्यावर म्हणाल्या, "बघा. सरळ आलीय."

"सरळ नको," रिसालदार म्हणाले. "वेल्डर घाईत हुता. वळ्या वळ्या हुत्या. कुटं फुगीर, कुटं चपटी."

"म्हणजे कच्चीच करू?"

"कच्चीच करा."

बाईंनी जन्मभर मुलींना ज्या शिवणीपायी रडवलं, तशी शिवण त्यांनी स्वतःच्या हातानं केली. नखानं दाबून इथं फुगीर, तिथं चपटी. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं होतं, पण केली. वाळेपर्यंत फुंकर मारली. मग म्हाताऱ्याचा उजवा हात घेऊन त्या शिवणीवर ठेवला.

हात बसला. पंजा पसरला, अंगठा झाकणाच्या कडेला लागला, आणि रिसालदार कमरेत सरळ झाले. छाती पुढं आली. मान वर. समोरच्या भिंतीकडं, भिंतीच्याही पलीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "ड्रायव्हर!"

"जी साब!" दफेदारांच्या टाचा जुळल्या.

"स्टार्ट कर."

दफेदारांनी एकवार आमच्याकडं बघितलं. मग खाटेशी गुडघे टेकून बसले, गाडी मागून धरली आणि तोंडानं इंजिन सुरू केलं. घर्रर्र. सुरुवातीला लाजत, मग खोकला काढत, मग असं की खोलीतली भांडी वाजतील. गोधडीच्या घड्यांवरून गाडी निघाली. साहेबांचा हात वर, शिवणीवर. "डावीकडं. सावकाश. फुडं नाला हाय." नाला पार झाला. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हसतही होती. गाडी उशीशी आली आणि अडली. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी चढेना.

"अहो दफेदार," बाई खाटेवर वाकून म्हणाल्या, "चढ आहे, गिअर बदला की!"

रिसालदारांनी मान त्या आवाजाकडं वळवली. "बाई, तुमी बी वर हाय व्हय?" म्हणाले. "मग डोकं खाली घ्या. म्होरं बाभळीची फांदी हाय."

बाईंनी चटकन डोकं खाली घेतलं. मीही घेतलं. दारातली सूनसुद्धा चहाचा ट्रे सांभाळत खाली वाकली.